पहिली .२२ रायफल: घ्यायची कशी आणि खाडीकाठच्या दमट हवेत सांभाळायची कशी?

ऐरोलीकर

नमस्कार मंडळी. क्लबच्या रायफलवर १० मीटर एअर रायफल चालू आहे. आता ५० मीटर प्रोनकडे, म्हणजे पालथं पडून नेमबाजीकडे, वळायचंय, म्हणून स्वतःची .२२ (नळीचा व्यास .२२ इंच) घ्यायचा विचार आहे. वय २६, घर ऐरोलीत, खाडीच्या बाजूला. आधी विचारून घेतो:

परवान्यासाठी ठाण्याला जायचं की बेलापूरला? नवीन देशी घ्यावी की वापरलेली परदेशी? वापरलेली घेताना नेमकं काय तपासायचं? साफसफाई किती वेळा आणि कशाने? पावसाळ्यात घरातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे लोखंडाचं काय होणार?

बजेटचं नंतर बघू. आधी चुका टाळायच्या आहेत.

---

पन्नास_मीटर

कागदांपासून सुरुवात करू, कारण रायफल सगळ्यात शेवटी येते.

ऐरोली जिल्ह्याने ठाण्यात असली तरी पोलिसांच्या हिशेबात नवी मुंबई आयुक्तालयात येते, म्हणजे परवाना शाखा बेलापूरची. कळवा, डोंबिवली, कल्याण, बदलापूरवाल्यांना ठाणे शहर आयुक्तालय. मीरा-भाईंदरवाले २०२० पासून वेगळ्या आयुक्तालयात गेले. अर्जावरचा पत्ता आधार, वीजबिल आणि भाडेकरार असल्यास त्याच्याशी अक्षरशः जुळला पाहिजे. पडताळणीला येणारा हवालदार तोच पत्ता शोधत येतो.

अर्ज शस्त्रपरवान्यांच्या सरकारी एनडीएएल-एएलआयएस पोर्टलवर फॉर्म ए-१ मध्ये भरायचा. सोबत तीन कागद लागतात आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. एस-१ म्हणजे शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण झाल्याचं प्रमाणपत्र. एस-२ म्हणजे शस्त्र आणि काडतुसं घरी सुरक्षित ठेवण्याची हमी. एस-३ म्हणजे डॉक्टरांचं शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, त्यात नशेच्या पदार्थांचं व्यसन नसल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. फॅमिली डॉक्टरच्या लेटरहेडवरचं 'फिट' चालत नाही, ठरलेला नमुनाच भरून घ्या. क्लबचं सदस्यत्व, जिल्हा व राज्य संघटनेची नोंद आणि खेळलेल्या स्पर्धांची गुणपत्रकं जोडलीत की अर्ज खेळासाठी आहे हे दिसतं. 'स्वसंरक्षण' लिहाल तर प्रश्नांची सगळी दिशाच बदलते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला साधारण दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत ५ वर्षं झाली. नामांकित नेमबाजांना जास्त सवलत आहे, नवशिक्याने ती धरून चालू नये. परवान्यावर काडतुसांच्या दोन मर्यादा येतात: एका वेळी जवळ किती ठेवायची आणि वर्षभरात किती घ्यायची. प्रोनचा सराव मनासारखा करायचा तर वर्षाचा आकडा काही हजारांत जातो. तेव्हा अर्जातच क्लबच्या पत्रासह वाजवी संख्या मागा. नंतर वाढवून घेणं म्हणजे जवळपास नवा अर्ज.

हे सगळं होईपर्यंत एअर रायफल सोडू नका. ४.५ मिलिमीटरपर्यंतची आणि २० जूलच्या आतली एअर रायफल परवान्याविना ठेवता येते. मॅचची, म्हणजे स्पर्धेची, एअर रायफल साधारण ७.५ जूलचीच असते.

---

जुनी_नळी

देशी की परदेशी याचं उत्तर बरंचसं कायद्यानेच दिलंय. परदेशी रायफल थेट मागवण्याची मुभा राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक गुण गाठलेल्या 'रिनाउन्ड शूटर'ना, तीही राष्ट्रीय रायफल संघटनेच्या वाटेने. त्यामुळे तुमच्यापुढे तीन रस्ते उरतात. क्लबची रायफल, डीलरकडची सरकारी आयुधनिर्माणीची .२२ स्पोर्टिंग, किंवा दुसऱ्या नेमबाजाकडून रीतसर हस्तांतरित केलेली जुनी मॅच रायफल.

सरळ मत देतो. प्रोन खेळायचं असेल तर वर्षभर क्लबची मॅच रायफल वापरा आणि नंतर जुनी आन्शुट्झ, वाल्थर किंवा फाइनवेर्कबाउ शोधा. स्पोर्टिंग रायफल काही वाईट नाही, पण तिचा ट्रिगर किलोच्या पुढचा आणि गालाची पट्टी न हलणारी. मॅच रायफलचा ट्रिगर १०० ग्रॅमच्या आसपास बसतो आणि दस्ता अंगाप्रमाणे लावता येतो. ५० मीटरच्या कागदावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. एवढ्याशा जागेत ६० गोळ्या घालायच्या तर ट्रिगरशी कुस्ती परवडत नाही.

जुनी रायफल बघायला जाताना छोटा टॉर्च, सुती चिंध्या आणि क्लबमधला एखादा जाणता माणूस बरोबर घ्या. आधी बोल्ट (काडतूस आत ढकलणारा मागचा सरकता दांडा) काढून चेंबर (नळीत काडतूस बसतं ती मागची जागा) रिकामं असल्याची खात्री करा. मग या जागा बघा:

नळीचं तोंड, म्हणजे क्राउन. भिंगातून बघा. कडेला बारीकसा टवका किंवा एका बाजूला झिजलेली कड दिसली तर ग्रुप, म्हणजे कागदावरचा गोळ्यांचा पुंजका, फाटणार. तोंडाकडून रॉड घालून साफ केलेल्या रायफलींची हीच खूण.

चेंबरची कड. रिमफायरमध्ये पिन काडतुसाच्या काठावर, म्हणजे रिमवर मारते. रिकाम्या चेंबरवर वारंवार खटका दाबला की काही रायफलींत पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे खड्डा पडतो. ती उचललेली कड काडतूस नीट बसू देत नाही, बाहेरही येऊ देत नाही. नख फिरवलंत तरी कळतं.

नळीचं आतलं अंग. आधी एक कोरडी चिंधी फिरवायला सांगा, मगच आत बघा. तेलाने चमकणारी नळी सगळे दोष लपवते. गंजाचे खोल ठिपके, किंवा मध्येच एका जागी गोल अंगठीसारखी सावली दिसली तर सोडून द्या. ती अंगठी म्हणजे आत गोळी अडकलेली असताना दुसरी झाडल्यामुळे नळी फुगल्याची निशाणी. काहीही केलं तरी ती दुरुस्त होत नाही.

एक्स्ट्रॅक्टरचं नख (रिकामं काडतूस बाहेर ओढणारा आकडा), बोल्टचा तोंडवळा (काडतुसाला टेकणारी बाजू), ॲक्शनच्या (यंत्रणा दस्त्याला धरून ठेवणाऱ्या) स्क्रूंची डोकी. डोकी ओरबाडलेली असतील तर कोणीतरी भलत्या पेचकसाने खेळलंय.

शेवटी नंबर. रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा), बोल्ट आणि विकणाऱ्याचा परवाना या तिन्हींवरचे आकडे जुळले पाहिजेत (सगळ्या कंपन्या बोल्टवर नंबर घालत नाहीत, ते आधी पाहून ठेवा). आयातीच्या वेळी सवलत घेतलेली असेल तर विक्रीवर अटी असतात. संघटनेचं पत्र हातात येण्याआधी पैसे देऊ नका. आणि कापलेल्या नळीची रायफल कितीही स्वस्त मिळाली तरी नको. परवानगीशिवाय नळी आखूड करणं हा शस्त्र कायद्यातला गुन्हा आहे.

अंगाला बसते का ते असं बघा: प्रोनमध्ये डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेका, मग डोळे उघडा. मान न हलवता डायॉप्टरमधून (बारीक भोकाच्या मागच्या साइटमधून) समोरचं वर्तुळ मधोमध दिसलं पाहिजे. नाही दिसलं आणि पट्टी तेवढी सरकत नसेल, तर रायफल उत्तम असूनही तुमची नाही.

---

ऐरोलीकर

दोघांचेही आभार. क्लबमध्ये एकजण म्हणतो रोज नळी साफ कर, दुसरा म्हणतो .२२ ला हातच लावू नकोस, मेणाने नळी आपोआप सांभाळली जाते. खरं काय? आणि तेल कुठलं? घरी शिवणयंत्राचं तेल, डब्ल्यूडी-४० आणि (हसू नका) खोबरेल आहे.

---

तेल_थेंबभर

खोबरेल डोक्याला ठेवा. २४ अंशांच्या खाली ते थिजतं, म्हणजे एसी चालू असलेल्या रेंजवर बोल्टमध्ये साय धरेल. शिवणयंत्राचं तेल बाहेरच्या लोखंडावर पातळ फिरवायला चालतं. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला ठीक, वंगण म्हणून नाही. ते उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. ट्रिगरमध्ये तर यातलं काहीच नको. ट्रिगर कोरडाच ठेवायचा.

आता नळी. दोन्ही मित्र अर्धे बरोबर आहेत. .२२ ची गोळी शिशाची, ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅम, आणि तिला बाहेरून मेण लावलेलं असतं. त्या मेणाचा नळीत पातळ थर बसतो आणि तो बसल्यावरच ग्रुप स्थिर होतात. म्हणूनच साफ केल्यावर पहिल्या १०-२० गोळ्या इकडेतिकडे जातात. रोज घासलंत तर रोज नवी सुरुवात. पण चेंबरची गोष्ट वेगळी. काडतुसाचं तोंड जिथे संपतं त्याच्या लगेच पुढे काजळी साचून कडक कडं बनतं. ते वाढलं की काडतूस आत ढकलताना जोर लागतो आणि एखादी गोळी कारण नसताना बाहेर जाते.

तेव्हा विभागणी अशी. प्रत्येक सरावानंतर बोल्टचा तोंडवळा, एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालची जागा आणि चेंबरचं तोंड पुसायचं, पाच मिनिटांचं काम. नखाखाली शिसं आणि मेणाचा लगदा घट्ट बसतो, तो बांबूच्या टोकदार काडीने काढा, सुईने नको. नळी साधारण ३०० ते ५०० गोळ्यांनंतर, किंवा त्याआधी ग्रुप पसरायला लागला तर.

नळी साफ करताना काडतुसं त्या खोलीतच नकोत. मॅगझिन काढा, बोल्ट काढा, चेंबर डोळ्यांनी बघा. रायफल अशी टेकवा की नळीचं तोंड थोडं खाली राहील, नाहीतर सॉल्व्हंट (काजळी विरघळवणारं द्रव) उलटं वाहत ट्रिगरमध्ये आणि दस्त्याच्या लाकडात उतरतं. बोल्टच्या जागी बोअर गाइड (रॉड मधोमध ठेवणारं नळकांडं) बसवा. गाइड नसेल तर रॉड चेंबरची कड घासत जातो, आणि खरं नुकसान काजळीपेक्षा त्याने जास्त होतं. रॉड अखंड हवा, प्लास्टिकचं आवरण असलेला किंवा कार्बन फायबरचा. तीन तुकड्यांच्या स्वस्त ॲल्युमिनियम रॉडच्या सांध्यांत कच अडकते आणि तीच नळी खरवडते.

चिंधी जुन्या सुती बनियनची, २२ ते २५ मिलिमीटर चौरस. बोटाच्या दाबाने जाईल इतकीच घट्ट. रॉड वाकायला लागला तर चिंधी लहान करा. सॉल्व्हंटने ओली केलेली पहिली चिंधी मागून पुढे ढकला, तोंडाशी ती गळून पडू द्या, रॉड मोकळा मागे घ्या. घाण झालेली चिंधी परत आत ओढायची नाही. १० मिनिटं थांबा. दुसरी ओली, मग दोन-तीन कोरड्या. शेवटची चिंधी फिकट राखाडी आली की थांबा. पांढरीशुभ्र येईपर्यंत घासायचा हट्ट नको. चेंबरमधल्या कड्यासाठी ब्राँझ ब्रशला सॉल्व्हंट लावून फक्त तेवढ्या जागी हलकेच फिरवा. ब्रशची दिशा नळीच्या मध्यात बदलू नका, ब्रशच्या तारा अडकून वाकतात. तांबं काढणारं अमोनियाचं सॉल्व्हंट इथे लागत नाही, गोळीवर तांब्याचं आवरणच नसतं.

बोल्टच्या कॉकिंग कॅमवर (बोल्ट फिरवताना पिनची स्प्रिंग ताणणाऱ्या उतारावर) तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस. बाकी बोल्ट पुसून कोरडा. पिनच्या नळकांड्यात जाड तेल गेलं की पिन मंदावते, रिमवर उथळ खूण पडते आणि काडतूस उडत नाही. मग लोक काडतुसांच्या कंपनीला शिव्या घालतात.

---

पन्नास_मीटर

३००-५०० हा आकडा कोरड्या गावासाठी. खाडीकाठी जून ते सप्टेंबर वेगळा नियम हवा. आठवडाभर रायफल वापरणार नसाल तर, गोळ्या कितीही कमी झाडल्या असोत, नळीतून एक चिंधी दोन थेंब तेल लावून काढा. पुढच्या सरावाआधी कोरडी चिंधी फिरवायची हे मात्र विसरायचं नाही.

---

तेल_थेंबभर

आठवड्याचा खंड असेल तर मान्य. एक-दोन दिवसांसाठी मेणाचा थर पुरेसा आहे. पावसाळ्यात नळी आतून गंजण्याआधी बाहेरून गंजते, विशेषतः घामाचे हात लागतात तिथे: बोल्टची मूठ, रिसीव्हरचा वरचा भाग, साइटचे स्क्रू. रेंजवरून निघतानाच तेलाच्या फडक्याने पुसा, घरी पोचल्यावर नव्हे. वरळी रेंजवर दिवसभर समुद्राची हवा लागते, आणि तिथून ऐरोलीला पोचायला किती वेळ लागतो ते सगळ्यांना माहीत आहे.

सगळ्यात जास्त गंज येतो तो फोमच्या केसमध्ये. फोम ओल धरतो आणि ती लोखंडाला चिकटवून ठेवतो. केस फक्त ने-आण करण्यापुरती. घरी आल्यावर रायफल बाहेर काढून कुलुपाच्या स्टीलच्या कपाटात उभी ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून नको. कपाटात २००-३०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटं हायग्रोमीटर. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवा. फार खालीही नको, लाकडी दस्ता आकसून तडकतो. रंग बदलणारं जेल घ्या आणि रंग उतरला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवून परत वापरा. ऐन जुलैत हे दर आठ-दहा दिवसांनी करावं लागलं तर नवल नाही.

तपकिरी ठिपके दिसलेच तर तेल आणि चार-शून्य नंबरचं स्टील वूल, बोटाच्या हलक्या दाबाने. पॉलिश पेपर लावलात तर गंजाबरोबर ब्लूइंगही (लोखंडावरचा निळसर-काळा संरक्षक थर) जाईल.

---

नेरूळची_नेमबाज

सगळे लोखंडावर बोलताहेत, मी काडतुसांवर बोलते. एकाच रायफलमधून एकाच कंपनीचे दोन लॉट (कारखान्यातल्या दोन खेपा) वेगवेगळे ग्रुप देतात. रिमची जाडी, प्रायमरचं वाटप, मेण, सगळं लॉटप्रमाणे बदलतं. आपल्याकडे वर्षाचा कोटा असतो, त्यामुळे चुकलेला लॉट म्हणजे वर्ष वाया. आधी ५०-१०० काडतुसं घ्या, टेकूवरून दहा-दहाचे चार ग्रुप मारा, आवडला तर त्याच लॉट नंबरचा उरलेला कोटा उचला.

'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेला खोका बघून भुलू नका. मॅच काडतूस मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली, ३२५-३३० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास ठेवलेलं असतं. वेगवान गोळी आवाजाच्या वेगाजवळ जास्त अडवली जाते आणि ५० मीटरवर वाऱ्याने उलट जास्त सरकते. मॅच गोळीसुद्धा ताशी १० किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात साधारण दीड सेंटीमीटर सरकते, म्हणजे दहाच्या वर्तुळाच्या रुंदीपेक्षा जास्त. झेंडे बघायला पहिल्या दिवसापासून शिका.

प्रोनला दुर्बीण चालत नाही, डायॉप्टरच लागतो. पण लॉट तपासायला दुर्बीण लावणार असाल तर ५० मीटरला पॅरॅलॅक्स जुळणारी, म्हणजे डोळा थोडा हलला तरी नेम न सरकणारी घ्या. मोठ्या बोअरसाठीच्या बऱ्याच दुर्बिणी १०० यार्डाला बांधलेल्या असतात. दुर्बिणीच्या चकतीची पाव मिनिटाची (कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग) एक क्लिक ५० मीटरवर ३.६ मिलिमीटर सरकवते. पाच गोळ्यांच्या ग्रुपचा मध्य २२ मिलिमीटर डावीकडे आणि १५ खाली असेल तर ६ क्लिक उजवीकडे, ४ वर. एकाच गोळीवरून क्लिक फिरवत बसलात तर खोका संपेल आणि झिरो, म्हणजे नेम आणि गोळीची जागा जुळणं, लागणार नाही.

---

घोडबंदरचा

मध्येच विचारतो. येऊरला ओळखीच्यांचं फार्महाऊस आहे. भिंतीसमोर डबे ठेवून सराव केला तर?

---

पन्नास_मीटर

नाही. खेळासाठीचा परवाना रेंजवरच्या सरावासाठी असतो, आणि येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. .२२ ची गोळी उंच कोनातून सुटली तर दीड किलोमीटरहून लांब जाते. दगडी भिंतीवरून शिसं उलटं फिरतं ते वेगळंच. माकडं-पक्ष्यांवर तर एअर रायफलही नको, वन्यजीव कायदा तिथे सरळ लागतो.

ऐरोलीकर, यालाच जोडून ने-आणीचं. बोल्ट काढलेला, केसला कुलूप, काडतुसं वेगळ्या डब्यात, मूळ परवाना खिशात. परवान्याचं क्षेत्र महाराष्ट्रापुरतं आहे की देशभराचं ते परराज्यातल्या स्पर्धेआधी बघा. रायफल गाडीत ठेवून चहाला उतरायचं नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्याकडून शस्त्र जमा करण्याची नोटीस येते. राष्ट्रीय रायफल संघटनेच्या खेळाडूंना सूट मिळते, पण ती मागावी लागते: संघटनेचं ओळखपत्र आणि स्पर्धेचं वेळापत्रक जोडून लेखी अर्ज, नोटिशीची वाट न बघता.

---

ऐरोलीकर

वाचून काढलं, प्रिंटही घेतली. दोनच शंका उरल्या. काडतूस उडालंच नाही तर काय करायचं? आणि घरी खटका दाबून सराव चालतो का?

---

जुनी_नळी

काडतूस उडालं नाही तर तोंड टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, हात वर करून रेंज ऑफिसरला कळवा, मग बोल्ट उघडा. उशिरा उडणारं काडतूस क्वचित निघतं, पण बोल्ट अर्धा उघडा असताना ते उडालेलं नको. काढलेल्या काडतुसाच्या रिमवरची खूण बघा. खूण खोल असेल तर दोष काडतुसाचा. उथळ असेल तर बोल्टमधलं तेल, थकलेली स्प्रिंग, किंवा काजळीमुळे पूर्ण आत न बसलेलं काडतूस, या क्रमाने शोधा. ते काडतूस रेंजच्या खराब काडतुसांच्या डब्यात टाका, खिशात नाही.

याहून धोक्याचा प्रकार म्हणजे 'फुस्स' असा दबका आवाज येणं आणि कागदावर भोक नसणं. तिथे थांबायचंच. बोल्ट काढून मागून नळीतून उजेड आरपार दिसतो का बघा. दिसला नाही तर गोळी आत अडकली आहे. वर सांगितलेली अंगठी अशीच तयार होते. ती गोळी काढणं गनस्मिथचं काम, घरच्या सळईचं नाही.

घरच्या सरावासाठी तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघा. काही मॅच रायफलींत खास ड्राय-फायर पिन किंवा सोय असते. नसेल तर प्लास्टिकचं डमी काडतूस घाला. ते काही वारांनंतर पिचतं, म्हणून मूठभर आणून ठेवा आणि पिचलं की बदला. खरी काडतुसं तेव्हा कुलुपात, दुसऱ्या खोलीत.

एक राहिलं. लाकडी दस्ता असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि दिवाळीच्या सुमारास ॲक्शनचे दोन्ही स्क्रू टॉर्क पेचकसाने तपासा. आकडा मॅन्युअलमधलाच घ्या. १ न्यूटन-मीटर म्हणजे ८.८५ इंच-पाउंड, एककांची गल्लत करू नका. लाकूड फुगतं-आकसतं तसा दाब बदलतो आणि झिरो सरकतो. मग लोक तासभर क्लिक मोजत बसतात आणि स्क्रू मात्र पाव फेरा सैल असतो.